ग्रीसमधील नाफ्प्लियो : इतिहासप्रेमी वडिलांना घेऊन जायचे आहे, काय पाहावे आणि कशा क्रमाने?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी,

यंदा दसरा आटोपला की आई-बाबांना घेऊन ग्रीसला जाण्याचे ठरत आहे. भाऊ लिस्बनला नोकरीला असल्यामुळे तो तिकडून थेट अथेन्सला येईल आणि पुढचे तीन-चार दिवस आम्ही सर्वजण पेलोपोनीजच्या किनाऱ्यावरील नाफ्प्लियो या गावी मुक्काम करू. सांतोरिनी, मिकोनोस वगैरे बेटांवर जाण्याचा आग्रह अनेकांनी केला. परंतु वाळू, लाटा आणि पर्यटकांची गर्दी पाहण्यासाठी गोव्यातल्या माणसाने एवढे पैसे खर्च करावेत, हे बाबांना मुळीच पटत नाही. ते निवृत्त इतिहास शिक्षक आहेत, आग्वादपासून तेरेखोलपर्यंतचे किल्ले त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पालथे घातलेले आहेत आणि "किल्ला आणि समुद्र एकत्र दिसत असेल तिथे न्या" एवढीच त्यांची अट आहे. अडचण एकच, ती म्हणजे त्यांच्या गुडघ्यांनी अलीकडे असहकार पुकारला आहे.

अथेन्सहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलींत मायसीनी आणि एपिदौरोस या प्राचीन ग्रीक स्थळांच्या मध्ये नाफ्प्लियोला केवळ जेवणापुरते थांबवतात, असे दिसते. त्यावरून मला दोन शंका आहेत. गावात तीन-चार दिवस रमण्याजोगे खरोखर काही आहे का? आणि पालामिदी किल्ल्याच्या पायऱ्यांविषयी जे ऐकतो, ते खरे असेल तर बाबांना वर नेण्याचा काही मार्ग आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

किल्लेवेडा, पेडणे

डिचोलीकर, आपल्या वडिलांची अट या गावात एकदा नव्हे, तीनदा पूर्ण होते, कारण तिथे किल्लेच तीन आहेत : डोंगरावरचा पालामिदी, गावाच्या डोक्यावरचा आक्रोनाफ्प्लिया आणि बंदराच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला बूर्त्झी.

पालामिदीला 999 पायऱ्या आहेत, असे गावातले प्रत्येक माणूस सांगते. मोजणाऱ्यांचे आकडे मात्र साडेआठशे ते नऊशेच्या आसपास भरतात. आकड्यापेक्षा पायऱ्यांची अवस्था महत्त्वाची आहे. आपल्याकडच्या चिऱ्यांच्या पायरीवर पाय धरून राहतो. तिथला दगड चुनखडीचा असून वर्षानुवर्षांच्या वर्दळीने तो इतका घासला गेला आहे की कोरड्या दिवसातही चपलेखालून सटकतो, आणि काही वळणांवर बाहेरच्या बाजूला धड कठडाही नाही. त्यामुळे बाबांना पायऱ्यांच्या वाटेला नेऊच नका. डोंगराच्या मागच्या अंगाने, काराथोना किनाऱ्याच्या दिशेने, थेट वरच्या दरवाजापर्यंत डांबरी रस्ता जातो. टॅक्सीने वर जावे, परतीची वेळ टॅक्सीवाल्याशी आधीच ठरवून ठेवावी आणि आपणा दोघा भावांना हौस असेल तर आपण तेवढे पायऱ्यांनी उतरावे.

वर गेल्यावर मात्र घाई करू नये. समुद्रसपाटीपासून 216 मीटर उंचीवरचा हा किल्ला व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने 1711 ते 1714 या अवघ्या तीन वर्षांत उभा केला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. तटबंदीने एकमेकांना जोडलेले आठ बुरूज असून प्रत्येक बुरूज म्हणजे स्वतःपुरता एक किल्लाच आहे, जेणेकरून एक पडला तरी उरलेल्यांनी लढत राहावे. कागदावर ही योजना इतकी पक्की होती आणि तरीही 1715 मध्ये तुर्कांनी तो काही दिवसांतच घेतला! पुढे 1822 च्या 30 नोव्हेंबरला, सेंट अँड्र्यूच्या सणाच्या पहाटे, स्ताइकोस स्ताइकोपुलोस याच्या तुकडीने अकिलीस नावाच्या कमजोर बुरुजावरून आत शिरून तो ग्रीकांसाठी जिंकला. त्या संताचे लहानसे देऊळ किल्ल्यातच आहे आणि गावाचा मुक्तिदिन आजही त्याच तारखेला पाळतात. दरवाजांवर व्हेनिसचा पंखधारी सिंह कोरलेला दिसेल, त्याच्याकडे बाबांचे लक्ष वेधायला विसरू नका.

याच किल्ल्यात थिओदोरोस कोलोकोत्रोनिस याची कोठडी म्हणून एक जागा दाखवतात. स्वातंत्र्ययुद्धाचा हा सेनापती, पण स्वतंत्र ग्रीसच्या बव्हेरियन राजवटीनेच (तिथला राजा बव्हेरियाहून आलेला होता) त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली 1833 मध्ये पकडले आणि 1834 मध्ये देहदंड सुनावला. शिक्षेची अंमलबजावणी झाली नाही आणि पुढच्याच वर्षी त्याला माफी मिळाली. त्या कोठडीचे दार इतके बुटके आहे की जवळजवळ दुमडूनच आत शिरावे लागते आणि आत डोळे सरावेपर्यंत भिंतसुद्धा दिसत नाही. गुडघेदुखीच्या माणसाने दारातूनच डोकावलेले बरे. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली वास्तू पुढे आपल्याच माणसांना आत डांबण्यासाठी वापरली जाते, हा प्रकार आग्वादचा तुरुंग पाहिलेल्या गोमंतकीयाला वेगळा समजावून सांगायला नको.

आक्रोनाफ्प्लियाविषयी थोडक्यात सांगतो. गावातला सर्वांत जुना तट तो. पायाचे प्रचंड दगड प्राचीन ग्रीक काळातले असून त्यांच्यावर बायझंटाईन, फ्रँक आणि व्हेनिसच्या बांधकामाचे थर एकावर एक चढलेले आहेत. मेताक्सासच्या हुकूमशाहीत, 1937 पासून, तिथेही कम्युनिस्ट राजबंद्यांना ठेवले होते. आज वर फारसे काही उरलेले नाही. तरी संध्याकाळी तिथून पालामिदीचा पूर्ण डोंगर समोर दिसतो, त्यासाठी जावे.

मळेकरीण, पणजी

किल्लेवेडा यांनी किल्ल्यांची माहिती उत्तम दिली आहे, परंतु क्रमाविषयी माझे मत वेगळे आहे. पहिल्याच दिवशी डोंगर गाठू नये. नाफ्प्लियो ही स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी होती, 1834 मध्ये तो मान अथेन्सकडे गेला, ही गोष्ट डोक्यात ठेवून आधी जुन्या गावातून पायी फिरावे. मग वरचे तट कोणाविरुद्ध आणि कोणासाठी होते, ते आपोआप उलगडते. शिवाय जुने गाव एवढे आटोपशीर आहे की आपल्या वडिलांना दमछाक न होता सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे करून ते पुरते पाहता येईल.

सुरुवात सिंतग्मा चौकापासून करावी. संगमरवरी फरशीचा हा चौक म्हणजे गावाचे दिवाणखानेच आहे; पोरे चेंडू खेळत असतात आणि म्हातारी माणसे एका कॉफीवर तासन्‌तास बसलेली असतात. चौकाच्या पश्चिम टोकाला तीन मजली जाड भिंतींची जी इमारत दिसते, ते व्हेनिसच्या आरमाराचे 1713 सालचे कोठार असून तिथे आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. या संग्रहालयाला किमान दीड-दोन तास द्यावेत, कारण जवळच्या देंद्रा या गावी 1960 मध्ये एका थडग्यात सापडलेले काशाचे चिलखत इथे ठेवलेले आहे. ते इसवीसनपूर्व पंधराव्या शतकातले आहे. गळ्यापासून मांड्यांपर्यंत एकाखाली एक येणारे काशाचे पत्रे, खांद्यांना वेगळी झाकणे, मानेभोवती उंच पट्टा आणि सोबत रानडुकराच्या सुळ्यांच्या चकत्या ओळीने बसवलेले शिरस्त्राण, असा तो सगळा जामानिमा आहे. हे केवळ मिरवण्यासाठी असावे, असे पुष्कळ काळ मानले जात होते. परंतु 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रीक नौसैनिकांनी त्याची प्रतिकृती अंगावर चढवून 11 तास लढाईचा सराव केला आणि ते घालून लढता येते, असे दाखवून दिले. हे ठाऊक असले की काचेपलीकडच्या त्या पत्र्यांकडे आपण वेगळ्याच नजरेने पाहतो.

चौकातच एक जुनी मशीद आहे, जिचे पुढे नाट्यगृह आणि चित्रपटगृह झाले. संग्रहालयाच्या मागे दुसरी मशीद आहे, आणि ती चुकवू नये. ग्रीक क्रांतिकारकांची संसद 1825-26 मध्ये याच घुमटाखाली भरत असे आणि कोलोकोत्रोनिसवरचा खटलाही इथेच चालला. बाबा शिक्षक आहेत म्हणून मुद्दाम सांगते : त्या न्यायासनावरील पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोघा न्यायाधीशांनी देहदंडाच्या निकालावर सही करण्यास नकार दिला होता. शासनाने बळजबरी केली तरी ते बधले नाहीत. माझ्या मते या गावातली सर्वांत मोठी ऐतिहासिक घटना कुठल्या बुरुजावर घडली नसून या इमारतीत घडली आहे.

तिथून वरच्या गल्लीत चढले की आयिओस स्पिरिदोन हे छोटे चर्च लागते. इओआनिस कापोदिस्त्रियास हा आधुनिक ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख. तो मूळचा कोर्फू बेटाचा, पूर्वी रशियाचा परराष्ट्रमंत्री राहिलेला. 9 ऑक्टोबर 1831 च्या सकाळी प्रार्थनेला आला असता मावरोमिखालिस घराण्यातल्या दोघांनी त्याला याच दारात ठार केले. त्या घराण्याच्या प्रमुखाला त्याने तुरुंगात टाकले होते, त्याचा हा सूड होता. दाराशेजारच्या भिंतीवर काचेच्या लहानशा चौकटीमागे एक खड्डा दिसतो, तोच गोळीचा व्रण म्हणून दाखवला जातो. चर्च बऱ्याचदा बंद असते, पण त्याने काही बिघडत नाही, कारण पाहायचे ते बाहेरच आहे.

आणखी एक जागा सांगते, जिथे सहलीच्या बसगाड्या थांबत नाहीत. गावाबाहेरच्या प्रोनिया भागात एका खडकात निजलेला सिंह कोरला आहे. सतरा वर्षांचा बव्हेरियन राजपुत्र ओटो 1833 मध्ये ग्रीसचा राजा म्हणून याच बंदरात उतरला. त्याच्याबरोबर आलेल्या सैनिकांपैकी अनेक जण 1833-34 च्या साथीत विषमज्वराने दगावले. ओटोचा बाप लुडविग पहिला याने त्यांच्या स्मरणार्थ हे शिल्प करवून घेतले. रस्ता सपाट आहे आणि जवळ बसायला बाकही आहेत.

डिचोलीकर

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार, देव बरें करूं. दोन्ही उत्तरे बाबांना वाचून दाखवली. न्यायाधीशांची हकीकत ऐकल्यावर त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले, यावरून काय ते समजा. आता त्यांनीच एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. गोवा पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर व्हेनिसचा मिऱ्यांचा व्यापार धोक्यात आला, हे आपण शिकतो. नाफ्प्लियो तर त्या काळात व्हेनिसच्याच ताब्यात होते, मग त्या गावाच्या इतिहासाशी आपल्या बाजूच्या घडामोडींचा काही धागा जुळतो का?

माझा स्वतःचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे : मायसीनी आणि एपिदौरोस एकाच दिवशी करता येतील का?

सासष्टीकर

आपल्या वडिलांचा प्रश्न मोलाचा आहे. धागा जुळतो आणि तो दीवमधून जातो.

व्हेनिसने नाफ्प्लियो चौदाव्या शतकाच्या अखेरीस विकत घेतले होते. आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, त्यानंतर काही वर्षांनी, 1517 मध्ये, ऑटोमन तुर्कांनी इजिप्त जिंकले. म्हणजे व्हेनिसचे व्यापारी ज्या अलेक्झांड्रियात मिरी विकत घेत, ते बंदर तुर्कांच्या हाती गेले आणि पोर्तुगीजांना हिंदी महासागरातून हुसकावण्यात तुर्कांनाही रस निर्माण झाला. सुलतान सुलेमानाने 1537 मध्ये व्हेनिसविरुद्ध युद्ध पुकारले आणि नाफ्प्लियोला वेढा पडला. तो वेढा चालू असतानाच, 1538 मध्ये, त्याच सुलतानाचे आरमार सुएझहून निघून दीवच्या पोर्तुगीज किल्ल्यासमोर येऊन उभे राहिले. त्या आरमारावर अलेक्झांड्रियात पकडलेले व्हेनिसचे खलाशी सक्तीने कामाला जुंपलेले होते, हा या सगळ्यातला क्रूर विनोद. दीवचा वेढा त्याच वर्षी उठला आणि पोर्तुगीज टिकले. नाफ्प्लियोने मात्र तीन वर्षे तग धरली आणि 1540 च्या तहात व्हेनिसने ते तुर्कांच्या हवाली केले. तेव्हा बाबांना सांगा की दीव वाचले आणि नाफ्प्लियो गेले, या दोन्ही गोष्टी एकाच सुलतानाच्या दरबारी दोन वर्षांच्या अंतराने कळल्या असतील.

या पहिल्या व्हेनिस काळाची (पालामिदी पुढच्या, गाव पुन्हा व्हेनिसकडे आल्यानंतरच्या काळातला) सर्वांत सुरेख खूण म्हणजे बूर्त्झी. आंतोनिओ गांबेल्लो या स्थापत्यकाराने 1473 मध्ये खडकाळ बेटावर तो बांधला. तिथून धक्क्यापर्यंत लोखंडी साखळी ताणली की बंदराचे तोंड बंद होत असे. उत्तरायुष्यात या किल्ल्याच्या नशिबी विचित्र पाहुणे आले. पालामिदीच्या तुरुंगातल्या कैद्यांचा शिरच्छेद करणारे मारेकरी गावात कोणालाच नको असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांना या बेटावर ठेवत, आणि विसाव्या शतकात त्याच खोल्यांत 1970 पर्यंत हॉटेल चालले. धक्क्यावरून लहान होड्या जातात, पण वारा सुटलेला असेल तर होडीत चढता-उतरताना ज्येष्ठांना त्रास होतो, म्हणून सकाळची वेळ धरावी. होडीने जाणे जमले नाही तरी हळहळू नका. बूर्त्झी आत जाऊन पाहण्यापेक्षा धक्क्यावरूनच अधिक शोभतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

वाटसरू, काणकोण

मायसीनी आणि एपिदौरोस एका दिवसात होतात, सहलवाले रोजच करतात. परंतु आपण करू नयेत. नाफ्प्लियोहून दोन्ही ठिकाणे साधारण पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतबाहेर आहेत, मात्र परस्परविरुद्ध दिशांना. शिवाय मायसीनीचा चढ उघड्यावरचा आहे, सावलीचे नाव नाही.

माझा सल्ला असा की एका सकाळी मायसीनी आणि येताना तिरिन्स करावे. मायसीनीचा सिंहदरवाजा इसवीसनपूर्व 1250 च्या सुमाराचा आहे. त्याच्या आत डाव्या-उजव्या भानगडीत न पडता आधी वर्तुळाकार दफनभूमीपाशी थांबावे, जिथे हाइनरिश श्लीमान याने 1876 मध्ये सोन्याचे मुखवटे उकरून काढले. हे मुखवटे तिथे नाहीत, अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, म्हणून अथेन्सचा एक दिवस त्यासाठी राखून ठेवा. बाबांना वरच्या राजवाड्यापर्यंत चढणे झेपले नाही तरी रस्त्यालगतची "अत्रेयसचा खजिना" म्हणून ओळखली जाणारी घुमटी समाधी त्यांना सहज पाहता येईल. आत उभे राहून वर पाहिले की तेरा मीटर उंचीवर एकेक दगडी कडे आत सरकत मिटलेले दिसते आणि कुठेही चुना नाही. दारावरची एकच शिळा शंभर टनांहून जड आहे.

तिरिन्सकडे लोक ढुंकूनही पाहत नाहीत, आणि मला त्याचे नेहमी आश्चर्य वाटते. नाफ्प्लियोपासून चार-पाच किलोमीटरवर, अर्गोसच्या रस्त्यालाच हा किल्ला आहे, टेकडी बुटकी आहे आणि गर्दी नसते. भिंती काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत जाड आहेत. तटाच्या पोटातल्या टोकदार कमानीच्या बोळात दगड कमरेच्या उंचीपर्यंत आरशासारखे चकचकीत झालेले दिसतात, कारण पुढे कित्येक शतके धनगरांची मेंढरे तिथे आसऱ्याला येऊन अंग घासत राहिली, असे सांगतात. हात लावून पाहण्याची परवानगी नाही, डोळ्यांनी पाहावे.

एपिदौरोसला दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर निघावे. इसवीसनपूर्व चौथ्या शतकातल्या त्या रंगमंडलात 55 ओळी आहेत. आपण मधल्या दगडी वर्तुळावर नाणे टाकावे आणि त्याचा आवाज पोहोचतो का ते पाहायला भावाला सर्वांत वरच्या ओळीत पाठवावे. बाबांनी खालच्या ओळीत बसून राहिले तरी चालेल, कारण तिथे येणारा प्रत्येक पर्यटक हेच करून पाहत असतो आणि त्यांना फुकट करमणूक होते. शेजारीच असलेल्या अस्क्लेपियोसच्या आरोग्यधामाचे अवशेष बहुतेक जण सोडून देतात. रोगी तिथे रात्री निजत आणि स्वप्नात देव येऊन उपचार सांगतो, अशी श्रद्धा होती. त्या धामामुळेच तर हे रंगमंडल उभे राहिले, म्हणून तिकिटात समाविष्ट असलेला हा भाग वाया घालवू नये. उन्हाळ्यात इथे शुक्रवार-शनिवारी नाट्यप्रयोग होतात. दसऱ्यानंतर ते नसतात, पण ऊनही सुसह्य असते, त्यामुळे हिशेब बरोबर होतो.

किल्लेवेडा, पेडणे

मळेकरीणबाईंचा क्रम मला मान्य आहे. फक्त एक पुरवणी जोडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ग्रीसमधल्या सरकारी स्थळांची बंद होण्याची वेळ टप्प्याटप्प्याने अलीकडे येत जाते आणि 1 नोव्हेंबरपासून हिवाळी वेळापत्रक लागू होते. पालामिदीवर सूर्यास्त पाहू, अशा बेताने दुपारी उशिरा टॅक्सी केली तर दरवाजा बंद मिळण्याची शक्यता असते. किल्ला सकाळी करावा आणि सूर्यास्तासाठी आक्रोनाफ्प्लिया ठेवावा, तिथे दरवाजाच नाही. प्रवासाविषयी बोलायचे तर अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून थेट बस मिळते, दोन-अडीच तास लागतात आणि वाटेत 1893 मध्ये खुला झालेला कॉरिंथचा कालवा ओलांडावा लागतो. बसच्या खिडकीतून तो क्षणभरच दिसतो. बाबांना तो नीट पाहायचा असेल तर भाड्याची मोटार करणे श्रेयस्कर.

मळेकरीण, पणजी

मोटार करणार असाल तर ती धक्क्याजवळच्या मोठ्या वाहनतळावर ठेवावी लागेल, जुन्या गावात आत नेता येत नाही. त्यामुळे हॉटेल निवडताना छायाचित्रातल्या सज्जाला भुलू नका. आयिओस स्पिरिदोनच्या वरच्या अंगाला ज्या गल्ल्या आहेत, त्या गल्ल्या नसून जिनेच आहेत, आणि देखाव्याची म्हणून प्रसिद्ध असलेली बहुतेक राहण्याची ठिकाणे नेमकी तिथेच आहेत. सिंतग्मा चौक आणि धक्का यांच्यामधल्या सपाट पट्ट्यात खोली घ्यावी, आरक्षण करण्यापूर्वी "रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि दारापासून खोलीपर्यंत किती?" हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे लेखी विचारावेत आणि लिफ्ट आहे असे उत्तर आले तर ती तळमजल्यापासून सुरू होते की पहिल्या मजल्यापासून, हेही विचारून घ्यावे.